गंधार सांभाळणारं वाद्य

सिम्फनी ऑर्केस्ट्रात व्हायोलाची (व्हायोलिनच्या घराण्यातलं, थोडं मोठं आणि खालच्या सुरांचं वाद्य) जागा मिळवायची, तर पडद्यामागे उभ्या राहिलेल्या उमेदवारानं दहा-पंधरा मिनिटांत एकट्यानं स्वतःला सिद्ध करायचं असतं. जागा मिळाली की पुढची तीस-पस्तीस वर्षं मात्र आपला एकट्याचा आवाज वेगळा ऐकू येऊ नये याची काळजी घ्यायची. ही दोन कामं वेगळी आहेत, त्यांची तयारीही वेगळी आहे. उत्तम वाजवणारे कित्येक जण ऑडिशन जिंकतात आणि चाचणीच्या वर्षात अडकतात, ते याच फरकापाशी.

अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या मराठी घरांतून शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला हातात आलेली मुलं आहेत. मुंबई, पुणे आणि गोव्यात व्हायोलिन शिकून व्हायोलाकडे वळू पाहणारेही आहेत. हे वाद्य नोकरी म्हणून कसं असतं, ते त्यांच्यासाठी लिहितो आहे.

आधी वाद्याचं माप. व्हायोलाच्या तारा सी, जी, डी, ए. व्हायोलिनपेक्षा एका पंचमानं खाली. व्हायोलिनच्या पेटीची लांबी सुमारे 35.5 सेंटीमीटर असते. सूर पंचमानं खाली आणायचा आणि प्रमाण तेच ठेवायचं, तर व्हायोलाची पेटी 53 सेंटीमीटरच्या आसपास हवी. ती खांद्यावर धरणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. म्हणून प्रत्यक्षातले व्हायोला 39 ते 43 सेंटीमीटरमध्ये बसवलेले असतात. या तडजोडीतूनच व्हायोलाचा तो किंचित घोगरा, नाकातून आल्यासारखा स्वर तयार झाला आणि सी तारेचा हट्टीपणाही. सी तार उशिरा बोलते. व्हायोलिनवरून आलेला वादक बो (गज) त्याच वेगानं ओढतो आणि तार नुसती फुसफुसते. इथे बोचा वेग कमी ठेवायचा, हाताचं वजन जास्त द्यायचं आणि सुराच्या सुरुवातीला तारेला आधी ‘पकडायचं’, जसं आपण ‘क’ किंवा ‘ट’ उच्चारताना जिभेला आधी टेकू देतो. व्हायोलिनचा बो साधारण 60 ग्रॅमचा आणि व्हायोलाचा 70 ते 72 ग्रॅमचा असतो. ते दहा-बारा ग्रॅम यासाठीच आहेत.

वाद्य निवडताना मोठ्या आकाराचा मोह पडतो, कारण 42 सेंटीमीटरचा व्हायोला दुकानात फार भारदस्त वाजतो. पण तो रोज पाच-सहा तास, वर्षानुवर्षं धरायचा आहे. परीक्षा सोपी आहे. पहिल्या पोझिशनमध्ये (डावा हात खुंट्यांजवळ) सी तारेवर पहिलं बोट ठेवा, मग चौथं ठेवून ते सुरात बसतंय का पाहा, आणि तसंच पाच मिनिटं काहीतरी संथ वाजवा. मनगट बाहेर वाकायला लागलं किंवा अंगठ्याचा तळ दुखायला लागला, तर वाद्य मोठं आहे. मध्यम बांध्याच्या माणसाला 40 ते 41.5 पुरतं. रुंद पेटीचा, पण वरचे खांदे उतरते असलेला 40.5चा चांगला व्हायोला अरुंद 42पेक्षा खोल वाजू शकतो. लांबीइतकंच कडांची उंची आणि तारेची लांबी बघायला हवी. तारांचा एकच संच चारही जागी चालेल असंही नाही. ए तार कर्कश होते, म्हणून बरेच व्यावसायिक वादक ए साठी लार्सन किंवा यारगरची पोलादी तार लावतात, सी साठी स्पिरोकोरची टंगस्टन गुंडाळलेली, आणि मधल्या दोन कृत्रिम गाभ्याच्या. सी आणि ए यांच्यात आवाजाची दरी पडली, तर दोष पुष्कळदा तारांचा नसतो. साउंडपोस्ट, म्हणजे पेटीच्या आतली ती उभी काडी, अर्ध्या मिलिमीटरनं सरकली तरी सगळा तोल बदलतो.

लिपी ऑल्टो क्लेफची (क्लेफ म्हणजे कुठल्या रेषेवर कुठला सूर हे सांगणारी खूण). मधल्या रेषेवर मधला सी. व्हायोलिनवाले एक युक्ती वापरतात. समोर व्हायोलिनची तिसरी पोझिशन आहे असं समजून बोटं योजायची आणि व्हायोलावर ती पहिल्या पोझिशनला ठेवायची. युक्ती बरोबर चालते, पण दोन-तीन आठवडेच. शार्प-फ्लॅट आले किंवा हात वर सरकवायची वेळ आली की ती दगा देते, कारण आपण सूर वाचतच नसतो, फक्त बोटं वाचत असतो. पहिल्या तालमीला नवा कागद समोर आला की हे लगेच उघडं पडतं. त्यामुळे युक्ती लवकर सोडून सुरांची नावं घेत वाचायला शिकावं.

व्हायोला हे व्हायोलिनवर न जमलेल्यांचं वाद्य, हा समज जुना आहे आणि एके काळी तो खराही होता. जर्मन बासरीवादक क्वांट्झनं 1752 सालीच लिहून ठेवलं की संगीतात व्हायोलाला फारशी किंमत दिली जात नाही. फ्रेंच रचनाकार बर्लियोझनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तक्रार केली की व्हायोलाच्या खुर्च्यांवर टाकाऊ व्हायोलिनवादक बसवले जातात. पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत व्हायोलाचा स्वतंत्र वर्ग उघडायला 1894 साल उजाडलं. पण त्याच काळात मोत्सार्ट चौकडीत (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो) बसला की व्हायोला घ्यायचा, बेटोव्हन तरुणपणी बॉनच्या दरबारी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवायचा, आणि ड्वोराकनं तर प्राग शहरातल्या थिएटरच्या ऑर्केस्ट्रात जवळजवळ नऊ वर्षं व्हायोलावर पोट भरलं. रचनाकारांना हे वाद्य आवडायचं, कारण तिथे बसलं की हार्मनीचं आतलं सगळं काम ऐकू येतं. विसाव्या शतकात व्हायोलावादक लायोनेल टर्टिस आणि विल्यम प्रिमरोझ यांनी वादनाची पातळी इतकी वर नेली की आज ऑडिशनला येणारा उमेदवार तंत्रात व्हायोलिनवाल्यापेक्षा कमी असून चालत नाही. इतिहास सांगायचं कारण एवढंच की ‘व्हायोलिनवर स्पर्धा फार, व्हायोला घे, नोकरी मिळेल’ हा सल्ला अजूनही दिला जातो. व्हायोलाच्या जागाही मोजक्याच असतात. पूर्ण आकाराच्या ऑर्केस्ट्रात पहिली व्हायोलिन 16, दुसरी 14, व्हायोला 12, चेलो 10 आणि डबल बास 8 ही नेहमीची विभागणी. बारा जणांतला एक निवृत्त झाला तर एक जागा निघते, आणि तिच्यासाठी शंभरावर अर्ज येणं काही विशेष नाही.

या बारा जणांच्या कामाचा गाभा कशात आहे? तीन सुरांच्या मेजर कॉर्डमध्ये खालचा सूर बहुतेक चेलो-बासकडे असतो, वरचा व्हायोलिनकडे. मधला, म्हणजे आपल्या भाषेत गंधार, पुष्कळदा व्हायोलाकडे येतो. पियानोवरचा गंधार षड्जापासून 400 सेंटवर असतो (एका अर्धस्वराचे 100 सेंट). शुद्ध, न थरथरणारा गंधार 386 सेंटवर असतो. नीट जुळलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हाच. म्हणजे ब्रास आणि वुडविंड (पितळी आणि लाकडी फुंकवाद्यं) लांब कॉर्ड धरून बसले असताना व्हायोला सेक्शननं पियानोच्या सवयीनं गंधार लावला, तर तो 14 सेंट चढा लागतो आणि सगळा कॉर्ड आंबट होतो. श्रोत्याला कारण कळत नाही, त्याला फक्त ऑर्केस्ट्रा आज चमकत नाही असं वाटतं. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला इथे खरोखरच आघाडी आहे. पण तोच सूर पुढच्या क्षणी सुरावटीतला चढता सूर झाला, तर तिथे तो उंच लावावा लागतो. एकच बोट, दोन जागा. कुठली कधी, हे बास ऐकून ठरवायचं.

तारा लावतानाही हाच हिशेब. ए पासून खाली तीन शुद्ध पंचम मोजत गेलं, तर सी तार पियानोच्या सी पेक्षा 6 सेंट उतरते. व्हायोलिनची मोकळी ई तार वरच्या बाजूला शुद्ध पंचमानं लावलेली असते. आता सी मेजर कॉर्डमध्ये व्हायोलाचा मोकळा सी आणि व्हायोलिनचा मोकळा ई एकत्र आले, तर त्यांच्यातलं अंतर सप्तकं वजा करून 408 सेंट भरतं, शुद्ध गंधारापेक्षा 22 सेंट रुंद. म्हणून चौकडीत आणि ऑर्केस्ट्रात जाणते वादक पंचम किंचित आवळून, म्हणजे सी थोडी वर ठेवून, तार लावतात. पण सगळ्या सेक्शननं एकसारखीच आवळायला हवी. एकानं आवळली आणि शेजाऱ्यानं नाही, तर मोकळ्या सी वर लगेच कंप ऐकू येतो.

आता ऑडिशन. जर्मनीत पहिल्या फेरीत जवळजवळ सगळीकडे श्टामित्झ किंवा होफमाइस्टर यांचा डी मेजर कन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) पियानोच्या साथीनं मागतात, पुढच्या फेरीत बार्टोक, वॉल्टन किंवा हिंडेमिट, आणि मग ऑर्केस्ट्राच्या पानांतले निवडक उतारे. अमेरिकेत उताऱ्यांवर भर जास्त, पडदा लावलेला असतो, खाली गालिचा अंथरतात म्हणजे बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष कळू नये, आणि उमेदवारानं तोंडानं एक शब्दही बोलायचा नसतो. काही विचारायचं तर सोबतच्या मदतनिसाच्या कानात. श्टामित्झ ऐकायला सोपा वाटतो, आणि सगळ्यात जास्त माणसं त्यातच बाद होतात. पहिलं पान निव्वळ डी मेजरच्या कॉर्ड आणि स्केल. लपायला जागा नाही. परीक्षकांना पहिल्या आठ मापांत (एक माप म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) सूर, लय आणि स्वराचा पोत, तिन्ही कळून चुकतात.

उतारे ठरलेले आहेत आणि प्रत्येकाचा सापळाही ठरलेला आहे.

रिशार्ड श्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’चं पहिलं पान जोरदार आणि वेगवान, अर्ध्या नोटेला मेट्रोनोम 80च्या आसपास. बहुतेक जण सूर घोटतात आणि विराम घोटत नाहीत. विराम आखूड झाला की पुढचा झेपेचा प्रवेश आधी पडतो, आणि सोळांश नोटा व ट्रिपलेट (एका मात्रेत तीन सूर) यांच्यातला फरक पुसला जातो. मेट्रोनोम दर मापाला एकदाच वाजेल असा लावून विरामांसकट वाजवून पाहिलं की चूक सापडते. मेंडेल्सोनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधलं स्केर्त्सो (चपळ, खेळकर भाग) याच्या उलट, अगदी हळू आवाजात उड्या मारणारा बो. इथे बो वर उचलायचा नसतो, तो तारेवरून आपोआप उसळेल अशी जागा शोधायची असते, बोच्या तोल-बिंदूच्या थोडी वर. ती जागा प्रत्येक बोला वेगळी, आणि सी तारेवर व ए तारेवरही वेगळी. घाबरल्यावर हात आखडतो, उडी मोठी होते, आवाज वाढतो आणि लय पळते. म्हणून हा उतारा घरी नेहमी ठरलेल्या वेगापेक्षा थोडा संथ आणि थोडा वेगवान, दोन्ही तयार ठेवावा.

बेटोव्हनच्या पाचव्या सिम्फनीची दुसरी मूव्हमेंट (भाग) व्हायोला आणि चेलो एकत्र सुरू करतात. बेटोव्हननं स्वतः आठांश नोटेला 92 असा वेग लिहिला आहे. हा उतारा फारच साधा दिसतो. चूक ठरलेली: टिंबवाल्या नोटेनंतरची छोटी नोट आळसावते आणि ठेका ट्रिपलेटसारखा डुलायला लागतो. दुसरी चूक बोच्या वाटणीची. लांब नोटेवर सगळा बो खर्च होतो आणि छोटी नोट परतताना फुगते. मालरच्या दहाव्या सिम्फनीची सुरुवात म्हणजे व्हायोला सेक्शन एकटा, अगदी हळू, पंधरा मापं, खाली बास नाही, शेजारी कुणी नाही. इथे षड्ज कुठे आहे हे मनातच धरून ठेवावं लागतं. तंबोरा बंद करून आलाप करण्यासारखं. घरी ही पंधरा मापं रेकॉर्ड करावीत आणि शेवटच्या सुरावर पियानोनं पडताळून पाहावं. सुरुवातीला बहुतेकांचा सूर दहा-पंधरा सेंटनं सरकलेला सापडतो. शोस्ताकोविचच्या पाचव्याच्या पहिल्या मूव्हमेंटमधला व्हायोलाचा लांब, वर चढत जाणारा उतारा याच जातीचा, फक्त ए तारेवर उंच. तिथे व्हायब्रेटो (बोटाचं कंपन) रुंद केला की सूर नक्की कुठे आहे तेच कळेनासं होतं.

तयारीचा क्रम महत्त्वाचा आहे. यादी हाती आल्यापासून साधारण सहा ते आठ आठवडे मिळतात. पहिले तीन आठवडे पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन) समोर ठेवून रेकॉर्डिंग ऐकत, आपल्या उताऱ्याच्या वेळी इतर वाद्यं काय करताहेत ते पाहायचं. परीक्षकांना एकटा व्हायोला ऐकू येत असतो, पण त्यांच्या डोक्यात सगळा ऑर्केस्ट्रा वाजत असतो. उमेदवाराच्या डोक्यात तो वाजत नसेल तर त्यांना लगेच कळतं. मग संथ घोटणं. शेवटचे दोन आठवडे उताऱ्यांच्या चिठ्ठ्या टाकून, येईल तो उतारा न चाचपडता एकदाच वाजवायचा आणि पुढची चिठ्ठी उचलायची. दुसरी संधी ऑडिशनमध्ये नसते, मग सरावात का घ्यायची? सुरू करण्याआधी अख्खं एक माप मनात मोजावं. उशीर होईल ही भीती व्यर्थ आहे. त्या चार सेकंदांत कुणीही कुणाला बाद केलेलं नाही.

धडधड आणि बो थरथरणं हा या व्यवसायातला उघड विषय आहे. 1980च्या दशकात अमेरिकन ऑर्केस्ट्रांमधल्या 2,212 वादकांची पाहणी झाली. त्यांतल्या 27 टक्क्यांनी बीटा ब्लॉकर (धडधड आणि थरथर कमी करणारं औषध) घेत असल्याचं सांगितलं. हे औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, दमा असणाऱ्यांना तर ते घातक ठरू शकतं. आणि ऑडिशनच्या दिवशी पहिल्यांदाच घेऊन पाहणं हा शुद्ध अविचार.

ऑडिशन जिंकली म्हणजे नोकरी पक्की झाली असं नाही. जर्मनीत साधारण एक वर्षाची चाचणी असते आणि शेवटी ऑर्केस्ट्रा मतदान करतो. ब्रिटनमध्ये निवडलेल्या चार-पाच जणांना आलटून पालटून काही कार्यक्रमांसाठी बोलावतात, आणि हे वर्षभरसुद्धा चालतं. या काळात कुणी तुमचा कन्चेर्टो ऐकत नाही. बघतात ते हे: पुढच्या स्टँडवरच्या वादकांच्या बोचा वेग आणि लांबी तुम्ही उचलता का, प्रवेश कुणाच्या आधी पडतो का, मुख्य वादकानं तालमीत बोइंग (बो कुठे वर, कुठे खाली ओढायचा ते) बदललं तर दुसऱ्या वेळी तुमच्याकडून तीच चूक होते का. शेजाऱ्याची चूक झाल्यावर मान वळवून बघणारा वादक पुढच्या यादीत नसतो. विरामात स्वतःचा अवघड भाग गुणगुणत वाजवणाराही नाही. ऑडिशनसाठी कमावलेला मोठा, एकल स्वर इथे आवरता घ्यावा लागतो. सोनेरी नियम असा की शेजारी ऐकू येत नसेल तर तुम्ही जास्त वाजवताय, आणि स्वतः अजिबात ऐकू येत नसाल तर सुराची जबाबदारी तुम्ही सोडली आहे.

एका स्टँडवर दोघं बसतात. प्रेक्षकांच्या बाजूचा ‘बाहेरचा’, दुसरा ‘आतला’. विभागून वाजवायचं असेल तर वरचा सूर बाहेरच्याचा, खालचा आतल्याचा. पान आतला उलटतो, म्हणजे त्यानं माप-दीड माप आधी वाजवणं थांबवायचं. शक्यतो दोन बोटांनी कोपरा आधीच सुटा करून ठेवावा. हळू उताऱ्यात पानाची फडफड रेकॉर्डिंगमध्ये बरोबर सापडते. खुणा करायच्या त्या मऊ पेन्सिलीनं, 2बी उत्तम. पेन कधीच नाही, ते कागद भाड्याचे असतात. बोइंग कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनचा मुख्य वादक, ठरवतो, व्हायोलाचा मुख्य वादक ते आपल्या पानावर जुळवून घेतो आणि ग्रंथपाल बाकीच्या पानांवर उतरवतो. तालमीत झालेला बदल पुढच्या स्टँडकडून मागच्याकडे कुजबुजत येतो. शेवटच्या स्टँडपर्यंत तो पोचेतो कंडक्टर पुढे गेलेला असतो. म्हणून मागे बसणाऱ्यानं कानापेक्षा डोळा पुढच्या बोंवर ठेवायचा.

मागच्या खुर्चीची आणखी एक अडचण भौतिक आहे. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. दहा मीटरवरच्या ब्रासचा सूर तुमच्यापर्यंत यायला 29 मिलिसेकंद लागतात. वेग क्वार्टरला 144 असेल तर एक सोळांश नोट 104 मिलिसेकंदांची, म्हणजे त्या सोळांश नोटेच्या पाव भागाहून जास्त उशीर. जे ऐकू येतं त्यावर वाजवलं, तर प्रेक्षकांना तुम्ही मागे पडलेले ऐकू येता. पुढच्या वादकाच्या हातावर वाजवायचं आणि कान फक्त सुरासाठी ठेवायचा. हे शाळेत कुणी शिकवत नाही. युरोपियन युनियन यूथ ऑर्केस्ट्रा, बर्लिन फिलहार्मनिकची 1972 साली सुरू झालेली कारायान अकादमी, किंवा मायामीतली 1987ची न्यू वर्ल्ड सिम्फनी अशा ठिकाणी दोन-तीन वर्षं जाणं यासाठी मोलाचं. पदवीपेक्षाही, असं माझं ठाम मत आहे.

रोजच्या कामात मोठा वाटा सुरावटींचा नसतोच. ब्रुकनरच्या सिम्फनीत पानामागून पान ट्रेमोलो, म्हणजे एकाच सुरावर बोची भराभर थरथर. तो खांद्यातून केला तर वीस मिनिटांत हात दगड होतो. बोच्या टोकाजवळ, अगदी थोडक्या बोनं, मनगट आणि बोटांनी करायचा, आणि शेजाऱ्याशी लय जुळू द्यायची नाही. सगळ्यांचे हात एकदम हलले तर तो ट्रेमोलो न राहता ठेका होतो. व्हिएनीज वॉल्ट्झमध्ये पहिली मात्रा बासची, दुसरी-तिसरी दुसऱ्या व्हायोलिनची आणि व्हायोलाची. संध्याकाळभर तेच दोन ठोके. पण व्हिएन्नात दुसरी मात्रा केसभर आधी पडते आणि तिसरी जागेवर. ते ‘केसभर’ सेक्शनमधल्या सगळ्यांचं एकच असावं लागतं. नाचणाऱ्याचा पाय तिथेच उचलला जातो. ज्याला हे काम कंटाळवाणं वाटतं, त्यानं ऑर्केस्ट्राच्या व्हायोलाची वाट धरू नये, चौकडीकडे जावं. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांत आठवड्याला साधारण आठ ‘सर्व्हिस’ असतात, म्हणजे तालमी आणि कार्यक्रम मिळून. तालीम बहुधा अडीच तासांची. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारे सुमारे 130 ऑर्केस्ट्रा आहेत, त्यांतले बरेच ऑपेरा हाऊसचे, त्यामुळे नोकरीची शाश्वती आणि संध्याकाळी उशिरापर्यंतचं काम, दोन्ही पदरात पडतं. लंडनचे चार मोठे ऑर्केस्ट्रा वादकांच्याच मालकीचे, तिथे पगार नसतो, कामाप्रमाणे पैसे. बदली वादक म्हणून यादीत नाव टिकवायचं तर फोनला लगेच उत्तर द्यायचं, अर्धा तास आधी पोचायचं आणि काळे कपडे, पेन्सिल, जादा ए तार पिशवीत ठेवायची. ए तार पोलादी असली तरी ती कधीतरी कार्यक्रमातच तुटते. मग मागून वाद्यं पुढे सरकवली जातात आणि शेवटच्या स्टँडवरचा तुटकं वाद्य घेऊन बाहेर जातो.

शरीर हा या नोकरीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. वर सांगितलेल्या पाहणीत 76 टक्के वादकांना वादनावर परिणाम होईल इतपत गंभीर एक तरी आरोग्याची तक्रार होती. व्हायोलावाल्यांचं दुखणं बहुधा मानेच्या डाव्या बाजूला, डाव्या मनगटात आणि उजव्या खांद्यात. सी तारेवर उजवा हात फार वर उचलावा लागतो. बऱ्याचदा उपाय वाद्यातच असतो. चिनरेस्ट उंच केला की मान खाली दाबावी लागत नाही, आणि शोल्डर रेस्टचा कोन थोडा तिरका केला की सी तार उजव्या हाताच्या जवळ येते. वाग्नरच्या ऑपेराच्या दिवशी सकाळी सराव पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. बोटं बधिर झाली किंवा रात्री दुखण्यानं जाग आली, तर ‘वाजवून सुटेल’ असं म्हणू नये, सुटत नाही.

आणि कान. व्हायोलाची जागा अनेकदा ब्रासच्या थेट पुढे येते. सप्टेंबर 2012 मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये वाग्नरच्या ‘डी वाल्क्यूरे’च्या तालमीत असाच ब्रासपुढे बसलेला एक व्हायोलावादक कानाला इजा होऊन कायमचा जायबंदी झाला. 2018 साली हायकोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि 2019 मध्ये वरच्या न्यायालयात तो मूलतः कायम राहिला. तेव्हापासून कानांचं संरक्षण हा मालकाच्या जबाबदारीचा प्रश्न आहे हे कुणी नाकारत नाही. कानाच्या साच्यावर बनवलेले, सगळ्या सुरांना सारखेच कमी करणारे प्लग मिळतात, 9, 15 आणि 25 डेसिबलचे. व्हायोलावाल्यानं सरावाला 9, ब्रासपुढे 15 घ्यावेत. पण प्लग लावून वाजवायची सवय घरी महिनाभर करावी लागते. हाडांतून येणारा स्वतःचा आवाज मोठा वाटतो, म्हणून माणूस नकळत बारीक वाजवतो आणि कॉर्डमधला आपला भाग गायब होतो.

आपल्याकडचा धागा. गोव्यातल्या चर्चच्या संगीतशाळांतून पिढ्यानपिढ्या नोटेशन वाचणारे तंतुवादक तयार झाले आणि तेच मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंतल्या व्हायोलिन-व्हायोलाच्या रांगांत बसले. मेहली मेहतांनी 1935 साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. 2006 पासून मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण त्यात परदेशी वादकांचा भरणा मोठा. भारतात राहून केवळ ऑर्केस्ट्राच्या व्हायोलावर घर चालवणं आज फार थोड्यांना शक्य आहे. मुंबई, पुणे, गोव्यात आठव्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षा देता येतात. आठवी ग्रेड म्हणजे परदेशातल्या कॉन्झर्व्हेटरीच्या दारापर्यंतचं भाडं, आत जाण्याचं तिकीट नव्हे. प्रवेशाच्या ऑडिशनला श्टामित्झचा पहिला भाग, बाखचा एखादा सुइट (नृत्यरचनांची मालिका) आणि एक रोमँटिक रचना बहुधा लागते, आणि ती सोळा-सतराव्या वर्षी पक्की हवी.

जाताना वाद्याच्या हवामानाचा विचार करून जावं. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात, बोचे केस लांबतात आणि सरसाच्या जोडांना चिरा जातात. तेच वाद्य जानेवारीत जर्मनीतल्या तापवलेल्या खोलीत गेलं की आर्द्रता 25-30 टक्क्यांवर येते, लाकूड आकसतं, खुंट्या सुटतात आणि पुढच्या फळीला तडा जाऊ शकतो. 40 ते 60 टक्क्यांच्या आत ठेवायचं. केसमध्ये आर्द्रतामापक आणि हिवाळ्यात ओलावा देणारी नळी हवी. गेल्या गेल्या पहिल्या आठवड्यात घोडी (तारा पेलणारा ब्रिज) रोज बघावी. तारा आवळताना ती हळूहळू फिंगरबोर्डकडे झुकते, आणि झुकलेली घोडी एखाद्या रात्री आडवी पडते. पडली तर साउंडपोस्टही पडलेला असू शकतो. अशा वेळी उरलेल्या तारा ढिल्या करायच्या, आत काडी हलताना ऐकू येते का पाहायचं, आणि घरी काही करण्याऐवजी वाद्य तसंच केसमध्ये ठेवून लुथियरकडे (तंतुवाद्यं बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) न्यायचं. बोचं टोक जुन्या हस्तिदंताचं असेल, तर विमानतळावर लागणारं प्रमाणपत्र निघण्याआधीच करून घ्यावं.